विद्यापीठाचं खुलं संशोधन भांडार: सर्व्हर मिळाला, आता पेपर कसे मिळवायचे?

ग्रंथयात्री

नमस्कार मंडळी. मी एका राज्य विद्यापीठात सहायक ग्रंथपाल आहे. आमच्याकडे संस्थात्मक भांडार सुरू करायचं ठरलंय, म्हणजे विद्यापीठातल्या लोकांचे शोधनिबंध, प्रबंध आणि प्रकल्प अहवाल कुणालाही विनाशुल्क वाचता येतील अशी रिपॉझिटरी. निमित्त नॅकचं, म्हणजे विद्यापीठांना दर्जा देणाऱ्या परिषदेच्या तपासणीचं आहे. पण काम माझ्याकडे आलंय आणि ते नुसतं नॅकपुरतं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

नियमाचा आधार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत प्रत्येक संस्थेने आपल्या संकेतस्थळावर असं भांडार करावं असं स्पष्ट लिहिलंय. २००९ च्या नियमांपासून पीएचडीचे प्रबंध सॉफ्ट कॉपीत द्यावे लागतात आणि ते इन्फ्लिबनेट या केंद्राच्या शोधगंगा या देशभरच्या प्रबंधसंग्रहात जातात. शिक्षकांचे पेपर मात्र कुठेच एकत्र नाहीत.

सर्व्हर मंजूर झाला. सॉफ्टवेअर डीस्पेस घ्यायचं की ईप्रिंट्स यावर बैठक झाली. त्यानंतर विभागाविभागात जाऊन विचारलं तर सगळीकडे तीच उत्तरं आली: 'ओपन ॲक्सेसला लाखभर रुपये लागतात, विद्यापीठ देणार का?', 'पेपर जर्नलच्या मालकीचा झाला, मी कसा देऊ?', 'रिसर्चगेटवर आहे की, तिथून घ्या.' ज्यांनी आनंदाने दिले त्यांनी प्रकाशकाची छापील पीडीएफ दिली, आणि ती टाकता येते की नाही हे मला ठाऊक नाही.

शिवाय आमच्याकडे मराठी, इतिहास, लोकसाहित्य या विषयांतले मराठी प्रबंध भरपूर आहेत. त्यांचं काय करायचं? ज्यांनी प्रत्यक्ष भांडार चालवलंय त्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

दर्यावर्दी

ताई, धागा काढलात हे फार चांगलं केलंत. मी गोव्यात हे काम बरीच वर्षं जवळून पाहिलंय. इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं भांडार आहे, गोवा विद्यापीठाचंही आहे. दोन्ही एकदा चाळून बघा, म्हणजे विभागांची रचना कशी लावतात ते कळेल. देशातलं सुरुवातीचं उदाहरण बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचं. तिथलं ईप्रिंट्स भांडार २००२ पासून आहे.

पैशांचा गैरसमज आधी काढा, कारण निम्मे लोक तिथेच अडतात. लेखकाने किंवा त्याच्या संस्थेने प्रकाशकाला शुल्क भरून पेपर खुला करायचा, त्याला सोनेरी मार्ग म्हणतात. भांडाराचा मार्ग हिरवा. पेपर नेहमीच्या जर्नलमध्येच छापायचा आणि त्याची एक प्रत आपल्या विद्यापीठाच्या भांडारात ठेवायची. यात लेखकाला एक रुपयाही पडत नाही. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात लेखकाने स्वतः प्रत जमा करणं हा खुल्या प्रवेशाचा (ओपन ॲक्सेसचा) एक मार्ग म्हणून पहिल्यापासून आहे.

आता कोणती प्रत टाकायची ते. पेपरच्या तीन अवस्था असतात. जर्नलला पाठवलेला मसुदा, परीक्षकांच्या सूचनांप्रमाणे दुरुस्त होऊन स्वीकारला गेलेला मजकूर, आणि प्रकाशकाने मांडणी करून छापलेली पीडीएफ. सदस्यत्वावर चालणाऱ्या जर्नलांचे बहुतेक मोठे प्रकाशक तिसरी टाकू देत नाहीत, दुसरी टाकू देतात. सेज लगेच टाकू देतं. स्प्रिंगर नेचर छापून आल्यावर साधारण १२ महिने थांबायला लावतं. एल्सव्हिअरची ही थांबण्याची मुदत जर्नलागणिक बदलते. प्रत्येक जर्नलचं धोरण ब्रिटनमधल्या जिस्क या संस्थेच्या 'ओपन पॉलिसी फाइंडर'वर विनाशुल्क बघता येतं. जुनी मंडळी त्याला अजून शेर्पा रोमिओच म्हणतात. शिक्षकांकडून हे काम कधीच होणार नाही. ते ग्रंथालयाने करायचं.

खरी गोम पुढे आहे. ही दुसरी प्रत कुणाकडे नसतेच. पेपर छापून आला की लेखक सुंदर पीडीएफ जपून ठेवतो आणि वर्डची शेवटची फाइल संशोधक विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमध्ये राहते. विद्यार्थी पीएचडी करून जातो, त्याच्याबरोबर फाइलही जाते. दोन वर्षांनी मागितली तर 'शोधून सांगतो' एवढंच ऐकायला मिळतं. म्हणून फाइल मागायची वेळ एकच: 'आपला लेख स्वीकारला आहे' असा मेल येतो तो दिवस. त्या दिवशी फाइल लेखकाच्या समोर असते आणि तो खुशीतही असतो. केंद्र सरकारचे जैवतंत्रज्ञान विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांच्या डिसेंबर २०१४ च्या धोरणातही हेच आहे, स्वीकृतीनंतर दोन आठवड्यांच्या आत हस्तलिखित जमा करायचं. तुमच्याकडे या विभागांच्या पैशांवर चाललेले प्रकल्प असतीलच. त्या शिक्षकांपासून सुरुवात करा, त्यांच्यावर ही जबाबदारी आधीच आहे.

रिसर्चगेटबद्दल एवढंच सांगतो. ती संशोधकांचं संकेतस्थळ चालवणारी खासगी कंपनी आहे. एल्सव्हिअर आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी तिच्यावर खटले भरले होते आणि २०२३ मध्ये तडजोड झाली. तिथे आज दिसणारी फाइल उद्या दिसेल याची हमी विद्यापीठ देऊ शकत नाही. शिक्षकाला तिथे ठेवायचं तर खुशाल ठेवू दे, पण विद्यापीठाची नोंद विद्यापीठाकडेच हवी.

लिनक्सभाऊ

सर्व्हरच्या बाजूने लिहितो.

डीस्पेस घ्या. ईप्रिंट्स वाईट नाही, साउदम्प्टन विद्यापीठात घडलेलं जुनं, भक्कम सॉफ्टवेअर आहे. पण भारतात मदतीला माणूस डीस्पेसचाच मिळतो. शोधगंगाही त्यावरच चालते. फक्त कुणी जुनी ५ किंवा ६ आवृत्ती 'सोपी आहे' म्हणून बसवून देत असेल तर ठाम नाही म्हणा. ६ चा आधार जुलै २०२३ मध्ये संपला, सुरक्षेच्या दुरुस्त्या आता येत नाहीत. २०२१ मध्ये आलेल्या ७ पासून रचनाच बदलली. मागे जावाचा सर्व्हर, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि सोलर हे शोधयंत्र, पुढे वाचकाला दिसणारा अँग्युलरचा वेगळा भाग. मेमरी जास्त लागते. ८ जीबीच्या खाली विचारच करू नका, १६ असेल तर बरं.

पहिल्या दिवशी करायची गोष्ट म्हणजे हँडल. प्रत्येक नोंदीला कायमचा पत्ता मिळावा म्हणून डीस्पेस हँडल देतो. नोंदणी केली नाही तर उपसर्ग म्हणून १२३४५६७८९ हा नमुन्याचा आकडा तसाच राहतो. आपल्याकडची कितीतरी भांडारं उघडून बघा, पत्त्यात हाच आकडा दिसेल. तो कायमचा पत्ता नव्हे. सर्व्हरचं नाव बदललं की सगळे जुने दुवे मेले, आणि कुणी संदर्भसूचीत दिलेला दुवा तर परत दुरुस्तही होत नाही. स्वतःचा उपसर्ग हँडल डॉट नेटकडे नोंदवायला वर्षाला काही डॉलर लागतात, फार नाही. अडतं ते परकीय चलनातल्या बिलाच्या मंजुरीत. ती फाइल आजच लेखा विभागाकडे पाठवा. शोधगंगेचा उपसर्ग १०६०३ आहे, तसा तुमचा हवा.

बॅकअपबद्दल कळकळीने सांगतो. डीस्पेस फाइली 'ॲसेटस्टोअर' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो, पण तिथे त्यांची नावं म्हणजे नुसते लांबलचक आकडे असतात. कोणती फाइल कुणाच्या प्रबंधाची, हे फक्त डेटाबेसला ठाऊक असतं. त्यामुळे नुसत्या फोल्डरचा बॅकअप कामाचा नाही आणि नुसत्या डेटाबेसचाही नाही. दोन्ही एकाच वेळी घ्या, एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा, आणि अधूनमधून ती दुसऱ्या यंत्रावर खरोखर उभी करून बघा. फाइल कालांतराने खराब झाली का हे तपासणारा चेकसम तपासनीस डीस्पेसमध्येच आहे. तो दर आठवड्याला आपोआप चालेल असं लावून द्या.

गुगल स्कॉलरला, म्हणजे गुगलच्या शोधनिबंध शोधणाऱ्या सेवेला, भांडार दिसलं नाही तर लेखकांचा विश्वास बसत नाही. तिथे दोन गोष्टी आडव्या येतात. एक, 'लोड येतो' म्हणून कुणीतरी रोबोट्स फाइलमध्ये सगळे बॉट, म्हणजे शोधयंत्रांचे आपोआप फिरणारे प्रोग्रॅम, बंद करून टाकतो. दोन, स्कॉलरला एकेक फाइल ५ एमबीच्या आत हवी असते, आणि आपले स्कॅन केलेले प्रबंध कितीतरी मोठे असतात. प्रकरणवार तुकडे करा, स्कॅन काळ्यापांढऱ्यात दाबून घ्या.

ग्रंथयात्री

दर्यावर्दी, लिनक्सभाऊ, दोघांचे खूप आभार. हँडलचं कुणी सांगितलंच नव्हतं, ती फाइल लगेच पुढे सरकवते.

आता धोरणाचं विचारते. विद्या परिषदेपुढे ठराव न्यायचा आहे. त्यात 'जमा करावे' असं लिहावं की 'जमा करणे बंधनकारक राहील' असं? आमचे काही वरिष्ठ म्हणतात सक्तीने शिक्षक चिडतील.

यॉर्कशायरकर

मूळचा साताऱ्याचा, आता इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात हेच काम करतो, म्हणून लिहितोय.

बंधनकारकच लिहा, पण त्याला कुठल्यातरी खऱ्या प्रक्रियेशी बांधा. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाची गोष्ट या क्षेत्रात सगळे सांगतात आणि ती सांगण्यासारखीच आहे. २००८ मध्ये त्यांनी ओर्बी हे भांडार सुरू केलं. तेव्हाचे रेक्टर बर्नार रेंतिए यांनी एकच नियम केला: बढती, नेमणूक, अंतर्गत मूल्यमापन यांत शिक्षकाची जी यादी बघायची ती ओर्बीतून निघालेलीच बघायची. भांडारात नाही तो लेख समितीपुढे येत नाही. दंड नाही, नोटीस नाही. लोक आपणहून फाइली घेऊन आले.

ब्रिटनमध्येही तेच. विद्यापीठांना संशोधनाचा निधी ज्या राष्ट्रीय मूल्यमापनातून ठरतो, त्यात १ एप्रिल २०१६ पासून स्वीकारलेल्या लेखांना अट आली: हस्तलिखित तीन महिन्यांत भांडारात नसेल तर तो लेख मोजायला धरणार नाही. त्याआधी इथल्या ग्रंथपालांनीही पोस्टर लावली, कार्यशाळा घेतल्या, चहाबिस्किटं दिली. अट आली आणि आमच्या मेलबॉक्स भरून वाहू लागल्या.

पोर्तुगालच्या मिन्यो विद्यापीठाने २००५ मध्ये बंधन घातलं, पण सोबत विभागांना जमा केलेल्या लेखांच्या प्रमाणात पैसेही दिले. मला तो मार्ग आवडतो, कारण त्यात विभागप्रमुख तुमच्या बाजूने उभा राहतो.

हार्वर्डच्या कला व विज्ञान शाखेने फेब्रुवारी २००८ मध्ये ठराव केला त्यातली युक्तीही घेण्यासारखी आहे. शिक्षक लेख छापण्याआधीच विद्यापीठाला वापराचा अनन्य नसलेला परवाना देतात (म्हणजे तोच हक्क लेखक दुसऱ्यालाही देऊ शकतो), आणि एखाद्याला एखाद्या लेखापुरती सूट हवी असेल तर ती मागितली की मिळते. सूट मिळते म्हटल्यावर विरोधाचा जोर ओसरतो. तुमच्या ठरावात अशी सूट देणारं कलम नक्की ठेवा.

दर्यावर्दी

यॉर्कशायरकरांशी बव्हंशी सहमत. आपल्याकडे तो दोर 'कॅस'ला, म्हणजे शिक्षकांच्या पदोन्नतीच्या योजनेला बांधा. पदोन्नतीच्या अर्जात प्रत्येक पेपरपुढे भांडारातला दुवा द्यायचा, असा एक रकाना आयक्यूएसीकडून (विद्यापीठाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाकडून) वाढवून घ्या. नॅकची आणि वार्षिक अहवालाची यादीही भांडारातूनच काढायची असं ठरवा. आज शिक्षक तीच माहिती चार वेगवेगळ्या एक्सेलमध्ये चार वेळा भरतात. ती एकदाच भरावी लागेल, हे त्यांना पहिल्या बैठकीत सांगा.

एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. शिक्षकाला स्वतः डीस्पेसचा फॉर्म भरायला लावू नका. तो लांबलचक फॉर्म भरताना तो एकदा वैतागला की परत येत नाही. त्याने फक्त फाइल मेलने पाठवायची. नोंद, धोरणाची तपासणी, मुदत, डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक), सगळं ग्रंथालयाने करायचं. त्यासाठी दोन माणसं कायमची लागतात आणि ठरावात हेच लिहून घ्या. प्रकल्पापुरत्या कंत्राटी मुलांवर उभी राहिलेली भांडारं कंत्राट संपलं की थांबतात. अशी कितीतरी आहेत, शेवटची नोंद अनेक वर्षांपूर्वीची.

निवृत्त_मास्तर

मी मराठीचा प्राध्यापक होतो, तेव्हा मराठी प्रबंधांबद्दल लिहितो. तुमच्या सगळ्या चर्चेत विज्ञानाचे पेपर आहेत. पण राज्य विद्यापीठाची जी संपत्ती दुसरीकडे कुठेच मिळणार नाही, ती म्हणजे हे प्रबंध. एखाद्या तालुक्यातल्या जात्यावरच्या ओव्या, एखाद्या बोलीचा शब्दसंग्रह, बंद पडलेल्या नियतकालिकांच्या सूची. माझ्या विद्यार्थ्यांनी गावोगाव फिरून हे गोळा केलंय. ते लोक आता हयात नाहीत. शोधगंगेवर यातलं काही आहे, पण शब्द टाकून शोधलं तर सापडत नाही. असं का होतं, आणि त्यावर उपाय आहे का?

लिनक्सभाऊ

सर, कारण फॉन्ट. युनिकोड, म्हणजे संगणकात देवनागरी साठवण्याची आजची सर्वमान्य पद्धत, रुळण्याआधीचे, आणि खरं तर नंतरचेही पुष्कळ मराठी प्रबंध श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएम या टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरच्या योगेश, सुरेख अशा फॉन्टांत टाइप झालेत. या फॉन्टांत आत साठवलेली अक्षरं रोमन असतात, फक्त त्यांचं चित्र देवनागरी दिसतं. पीडीएफमधून मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला की विचित्र रोमन अक्षरांची माळ येते. डीस्पेसच्या शोधालाही तीच माळ दिसते, गुगललाही तीच.

उपाय आहे. अशा पीडीएफमधला चुकीचा मजकूर टाकून द्यायचा, पानांचं चित्र करायचं आणि त्यावर नव्याने ओसीआर करायचं, म्हणजे चित्रातली अक्षरं यंत्राकडून ओळखून घ्यायची. ओसीआरमायपीडीएफ हे मुक्त साधन आहे, आत टेसरॅक्ट इंजिन चालतं, त्यात मराठी आहे. 'फोर्स' हा पर्याय द्यावा लागतो, नाहीतर ते 'पानावर मजकूर आधीच आहे' असं सांगून थांबतं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा एकत्र द्या. स्वच्छ छपाईवर निकाल चांगला येतो. टंकलेखन यंत्रावरच्या जुन्या कार्बन प्रतींवर खूप चुका राहतात, पण शोधापुरता त्याचाही उपयोग होतो. मूळ फाइल मात्र कधीही पुसू नका, ती बाजूला जतन करा.

दर्यावर्दी

यात नोंद करणाऱ्याचंही काम आहे. डीस्पेसच्या शोधाला मराठी विभक्ती कळत नाही. शीर्षकात 'शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा' असेल तर 'शेतकरी आत्महत्या' टाकणाऱ्याला तो प्रबंध मिळणार नाही. म्हणून विषयशब्द मूळ रूपात द्यायचे: शेतकरी, आत्महत्या, मराठवाडा. शीर्षक देवनागरीत, पर्यायी शीर्षक इंग्रजीत, सारांश दोन्ही भाषांत. भाषेच्या रकान्यात मराठीचा कोड न चुकता. 'ऱ्य' तर दोन प्रकारांनी टाइप होतो, एकदा नुक्त्याच्या ऱ ने आणि एकदा साध्या र सोबत न दिसणारा जोडक टाकून. डोळ्यांना सारखेच दिसतात, यंत्राला वेगळे. भरताना एकच पद्धत ठरवा आणि जुन्या नोंदी एकदा स्क्रिप्टने एकसारख्या करून घ्या.

लेखकांच्या नावांकडेही आजच लक्ष द्या. महाराष्ट्रातल्या विद्यापीठात 'एस. बी. पाटील' किती असतील ते तुम्हीच मोजा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकांचं काम तर दोन नावांत विभागलं जातं आणि त्यांच्या पदरी अर्धंच पडतं. प्रत्येकाला ओर्किड काढायला लावा. सोळा अंकी ओळख आहे, पैसे पडत नाहीत.

माळरान

मी मानवशास्त्रात पीएचडी करतेय, काम आदिवासी पाड्यांवर आहे. खुलं भांडार मला हवंय. बाहेरगावच्या महाविद्यालयात शिकताना एकेका पेपरसाठी मी लोकांना मेल केलेत. पण माझ्या प्रबंधाच्या परिशिष्टात बायकांच्या मुलाखती आहेत, गावाचं नाव आहे, आजारांची माहिती आहे. त्यांनी मला सांगितलं, जगाला नाही. प्रबंध आपोआप खुला होणार असेल तर हे कोण बघणार?

दर्यावर्दी

हा प्रश्न इतर कुणी विचारला नसता. विचारलात म्हणून आभार.

माझं ठाम मत: प्रबंध खुला, पण परिशिष्ट वेगळी फाइल. डीस्पेसमध्ये एकाच नोंदीतल्या प्रत्येक फाइलला वेगळी परवानगी देता येते. प्रकरणं सगळ्यांसाठी उघडी आणि मुलाखतींची फाइल बंद, हे सहज जमतं. मात्र गावाचं, व्यक्तीचं नाव बदलणं हे लिहितानाच व्हायला हवं आणि संमतिपत्रात 'हे इंटरनेटवर येईल' हे वाक्य त्यांच्या भाषेत असायला हवं. ग्रंथयात्री ताई, जमा करतानाच्या फॉर्मवर एक प्रश्न घालाच: यात ओळखता येण्यासारखी माणसं आहेत का? दुसरा प्रश्न पेटंटचा. अर्ज भरण्याआधी प्रबंध खुला झाला तर शोधाचं नावीन्य जातं आणि पेटंट अडचणीत येतं. अशा प्रबंधाला मुदत द्यायची, कायमचं कुलूप लावायचं नाही.

ग्रंथयात्री

माळरान, हा प्रश्न फॉर्मवर जाणार, नक्की.

बैठकीत आणखी एक मुद्दा येणार हे दिसतंय: 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलंय, सगळे जर्नल वाचायला मिळतात, मग भांडार कशाला?' आणि मुदतीचं सांगा, शेकडो पेपरांच्या तारखा लक्षात कोण ठेवणार?

यॉर्कशायरकर

ती योजना वाचण्यासाठी आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये मंजूर केले, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नलं त्यात आहेत. पण लाभ शासकीय उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना. खासगी महाविद्यालयातला शिक्षक, निवृत्त झालेले मास्तर, तालुक्याचा डॉक्टर, वार्ताहर हे बाहेरच राहतात. नेपाळमधला किंवा केनियातला संशोधकही तुमचा पेपर त्यातून वाचू शकत नाही. आणि मराठी प्रबंध तर कुठल्याच प्रकाशकाकडे नाहीत. बैठकीत हे शेवटचं वाक्य आधी म्हणा.

लिनक्सभाऊ

तारखा कुणीही लक्षात ठेवायच्या नाहीत. फाइल चढवताना 'एम्बार्गो' निवडायचा आणि खुली होण्याची तारीख टाकायची. तोवर नोंद, सारांश, संदर्भ सगळ्यांना दिसतात, फक्त फाइल बंद असते. तारीख आली की डीस्पेस ती आपोआप उघडतो. मधल्या काळात वाचकाला 'प्रत मागा' हे बटण दिसेल. त्याची विनंती मेलने जाते, मंजुरी दिली की त्या वाचकापुरती प्रत त्याला मिळते. मिन्योच्या लोकांनी डीस्पेससाठी केलेली ही सोय आहे. फक्त विनंती कुणाच्या मेलवर जाते ते बसवतानाच तपासून घ्या. बऱ्याच ठिकाणी ती ॲडमिनच्या न उघडलेल्या खात्यात जाऊन पडते. ग्रंथालयाचा सामाईक मेल द्या, म्हणजे तुमची बदली झाली तरी विनंत्या पोचत राहतील.

ग्रंथयात्री

हे फार उपयोगी. ठरावाचा मसुदा लिहायला घेतलाय: स्वीकृतीच्या दिवशी फाइल, कॅसच्या अर्जात दुवा, सूट देणारं कलम, दोन कायम पदं, परिशिष्टाची वेगळी परवानगी. इथेच टाकते, कलमवार फाडून द्या. मास्तर, तुमच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांची यादी असेल तर पाठवाल का? ओसीआरची सुरुवात त्यांच्यापासून करते.

निवृत्त_मास्तर

यादी आहे, हाताने लिहिलेली. उद्या नातीकडून फोटो काढून पाठवतो. तिघांच्या प्रबंधाची विद्यापीठातली प्रत सापडत नाही असं कानावर आलंय. त्या माझ्याकडे आहेत, बांधणीसकट. स्कॅन करून परत द्याल ना?